खोताचं पथ्य

खैरकोंडच्या बनुबाईला सगळे वैदीण म्हणायचे, पण ती स्वतः कधी तसं म्हणवून घेत नसे. "गुण येतो तो झाडाचा, माझा नाय," म्हणायची. कुणाचं पोट धरलं, कुणाला कावीळ झाली, कुणाच्या पोराला जंत झाले, की माणसं तिच्या अंगणात येऊन उभी. पोलादपूरच्या अंगाने डोंगरावर जी पायवाट चढते, तिच्या पहिल्याच टप्प्यावर तिचं घर होतं. माहेर शिवथरचं. बाप रानात फिरणारा. त्याच्या मागून हिंडता हिंडता तिला पाल्याची ओळख झाली. औषधाचं मोल घ्यायचं नाही आणि औषधाचं नाव सांगायचं नाही, हे दोन नेम बापाने घालून दिले होते. नाव फुटलं की पाल्याचा गुण जातो, असं त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक असतं.

तिसरा नेम तिने आपला आपण केला होता. राग पोटात ठेवायचा, आणि थंड होऊ द्यायचा नाही.

हा राग कुणावरचा, तर गावच्या खोतावरचा, हैबतरावावरचा. खैरकोंडच्या खोतांची रीतच होती. खोत डोंगर चढायचा तो कुळांच्या खांद्यावरून. वरच्या वाडीचं पीक बघायचं, आणा डोली. वाघजाईला नारळ द्यायचा, आणा डोली. ऐनाची जाड दांडी, तिला सुंभाने टांगलेली बैठक आणि वर उन्हासाठी कापड. कुळांनी पाळीपाळीने वेठीला यायचं, दांडीखाली खांदा घालायचा आणि मुकाट चढायचं. नाही म्हणेल त्याची जमीन दुसऱ्याला.

गोमाजी हा बनुबाईचा घरधनी. त्याची पाळी आली त्या दिवशी त्याला सणसणून ताप होता. बनुबाई स्वतः मुकादमाकडे गेली, हात जोडून म्हणाली, "आज नको, दादा. बरा झाला की दोन पाळ्या करील." मुकादम दात कोरत म्हणाला, "ताप खोताला नाय ना? मंग झालं तर!" गोमाजी गेला. उभ्या वाटेवर जांभळीचं वळण आहे, तिथे त्याचे गुडघे मोडले आणि तोंडातून रक्त आलं. डोली कलंडली तसा आतून हैबतराव ओरडला, "अरे, खाली टेकवू नका! देवीचा मुहूर्त टळेल. त्याच्या जागी दुसरा घाला." दुसरा घातला. डोली वर गेली, मुहूर्त साधला, आणि गोमाजी जांभळीखाली एकटा पडून राहिला. बनुबाई धावत पोचली तेव्हा तिच्या कडेवर अंगावर पिणारा सोनबा होता, ओच्यात पाला होता, आणि तो पाजायला माणूस उरला नव्हता.

खोताच्या घरून नंतर एक नारळ आला. अहो, माणसाच्या जिवाचा एक नारळ, आणि तोही पाणी आटलेला! बनुबाईने तो सगळ्यांदेखत उकिरड्यावर फेकला. दिराने दटावलं, भावकीने समजावलं. ती कुणाशी भांडली नाही. "ह्या माणसाला मी सोडायची नाय," एवढं म्हणाली आणि दाराआड जाऊन पोराला पाजायला बसली.

बाई माणूस, पदरात पोर, अंगावर खोताची जमीन. काय करणार होती ती? वर्षं गेली. लोक विसरले. तुमच्या-आमच्यासारखी माणसं विसरतातच, त्याशिवाय सकाळी उठून नांगर धरवत नाही. बनुबाई मात्र रानात जाताना रोज त्या वळणावर थांबायची आणि दात-ओठ खाऊन पुढे जायची.

इकडे हैबतराव फुगत चालला. सगळ्या मुलखाचं पोट पाठीला लागलेलं, आणि याचं पोट दारातून आधी बाहेर यायचं! पूर्वी डोलीला चौघे पुरत, आता आठ लागायला लागले. भिकू हा म्हातारा खांदेकरी सुजलेल्या खांद्याला तेल लावून घ्यायला बनुबाईकडे आला की कण्हत म्हणायचा, "बनू, डोलीत माणूस हाय का भाताची कणगी हाय, कळत नाय गो." आणि एक दिवस तोच भिकू मान खाली घालून म्हणाला, "मुकादमाने सोनबाचं नाव घेतलंय. शिमगा झाला की तुझा पोरगा दांडीखाली."

बनुबाईने तेलाची वाटी खाली ठेवली. सोनबा आता अठराचा झाला होता, बापासारखाच उंच, बापासारखेच खांदे. "आये, मी मुंबईला जातो. गिरणीत लागतो," तो म्हणायचा. पण तो गेला की खोत जमीन काढून घेणार, हे ठरलेलं. म्हणजे पोरगं राखावं तर जमीन जाते, आणि जमीन राखावी तर पोरगं त्याच दांडीखाली, त्याच वाटेने, त्याच वळणावर. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. नुसती जळत बसली.

महाडास चवदार तळ्यावर माणसं हक्काने पाण्याला उतरली, ते हे साल. त्या बातमीने खोताच्या ओटीवर आधीच आग लागलेली. "उद्या आपली कुळंही म्हणतील, डोली उचलत नाय," असं हैबतराव पानाची पिंक टाकत म्हणत होता. आणि त्याच शिमग्याला वाघजाईने त्याची फजिती केली.

तिथली रीत अशी की शिमग्याला देवीची पालखी निघते, तिला पहिला खांदा खोताचा. नुसता टेकवायचा नाही; पालखी खांद्यावर घेऊन ढोलाच्या ठेक्यावर नाचवायची. खांदा ज्याचा, मान त्याचा, आणि मान ज्याचा, त्याला गाव खोत मानतो. हैबतरावाने खांदा घातला, दोन पावलं टाकली, आणि तिसऱ्याला धाप लागून मटकन खाली बसला! पालखी कलली, बायका किंचाळल्या, पोरं फिदीफिदी हसली. त्याच्या भाऊबंदांनी पुढे होऊन पालखी सावरली आणि देवळापुढल्या भर मांडावर ठणकावलं, "औंदा गेलं ते गेलं. पुढल्या शिमग्याला ह्यांच्याने खांदा झेपला नाय, तर मान आमच्या घराकडे."

झालं! हैबतरावाच्या पाचावर धारण बसली. महाडच्या वैद्याचे काढे झाले. मुंबईला इंग्रजी शिकायला असलेला त्याचा मुलगा दत्ताराम एक बाटली घेऊन आला. तिच्यावर एका जाड्या माणसाचं चित्र आणि शेजारी बारीक माणसाचं. खोत बाटलीतलं औषध घोटभर घ्यायचा आणि ते नीट खाली उतरावं म्हणून वरून मटणाचा रस्सा वाटीभर. मग कसला उतरतोय! बाटली रिकामी झाली आणि करदोरा आणखी रुतला. शेवटी त्याची बायको चंद्राबाई म्हणाली, "त्या वाटेवरच्या वैदिणीला बोलवा. तिच्या हाताला गुण आहे म्हणतात." अडला हरी गाढवाचे पाय धरी, त्यातली गत. बनुबाईला बोलावणं गेलं.

ती निघाली तेव्हा तिच्या पदराच्या गाठीत जमालगोट्याच्या बिया होत्या. जमालगोटा म्हणजे काय, ते ज्याने चुकून खाल्लाय त्याला विचारा. दोन बिया जास्त झाल्या की माणूस परसाकडेच राहतो, परत येत नाही. सगळी वाट ती गाठ तिने मुठीत धरली होती. खोताच्या वाड्याच्या चौकात पोचली तर हैबतराव झोपाळ्यावर पसरलेला, वाऱ्याला दोन गडी. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तूच का ती बनू? कुणाची गो तू?"

कुणाची! जिचा नवरा याने मारला, तिला हा विचारतो, कुणाची. बनुबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गाठ सोडायला बोटं वळली. आणि त्याच वेळी तिचं लक्ष पलीकडे उभ्या असलेल्या दत्तारामाकडे गेलं. बावीस वर्षांचं पोर, आत्ताच गाल वर आलेले. बापाच्या जागी हा डोलीत बसेल, तिच्या मनात आलं. मला पोलादपूरचा फौजदार नेईल, आणि सोनबा ह्याच्याखाली चालेल. आणि हा म्हातारा? एका दिवसात मरेल. एका दिवसात! एवढ्या वर्षांच्या रागाला एवढंसं मरण? छट्. मरण म्हणजे सुटका. ह्याला कशाला सुटका?

तिने गाठ तशीच ठेवली.

"औषध हाय," ती सावकाश म्हणाली. "रानातली मुळी हाय. पण पथ्य भारी हाय, खोत. तुमच्याच्याने व्हायचं नाय."

"काय नाय होत? बोल तू!"

"मुळीला आवतण द्यायला लागतं. आज सांजेला जाऊन हळद-कुंकू, अक्षता वाहायच्या, सांगायचं की उद्या तुला न्यायला येतो. तांबडं फुटताना जाऊन उपटायची. रोज नवी, पुढल्या शिमग्यापर्यंत. आणि ज्याचं दुखणं, त्यानेच जायला लागतं. अनवाणी. आपल्या पायाने." तिने जरा थांबून ओटीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दुसऱ्याच्या खांद्यावरनं येतो, त्याला मुळी गुण देत नाय. उलटते."

आवतणाची रीत खरीच होती. तिचा बाप मोठ्या औषधाला तसंच करायचा. खांद्याचं तेवढं तिने त्या घडीला घडवलं. पण ऐकणाऱ्या एकालाही ते खोटं वाटलं नाही. मुळी कोपते, उलटते, हे तर सगळे आजीच्या मांडीवर शिकलेले. मुंबईकर दत्ताराम "फादर, हे सगळं हंबग आहे" म्हणाला, तर चंद्राबाईने त्यालाच गप्प केलं. हैबतरावाने तुळशीपुढे तांदूळ हातात घेऊन शब्द दिला की मुळी चालू आहे तोवर डोलीला शिवणार नाही. तुळशीपुढचा शब्द त्या मुलखात कुणी मोडत नाही. मुकादमाला सांगितलं, डोली माळ्यावर टाका. सोनबाची पाळी टळली. निदान त्या वर्षापुरती.

आणि मग सुरू झालं बघा हैबतराव खोताचं पथ्य.

पहिल्या दिवशी तो जांभळीच्या वळणापर्यंत पोचला तो चार जागी बसून, दोनदा ओकून. पायाला खडे टोचले की आईची आठवण काढायचा. बनुबाई पुढे, तो मागे. "चला खोत, मुळी वाट बघते." मुळी उगवते त्या जाळीपाशी पोचला की तिने त्याला वाकायला लावायचं, कपाळ मातीला टेकवायला लावायचं, आणि आपण जरा वरच्या अंगाला उभं राहायचं. म्हणजे तो कुणापुढे वाकतो ते ज्याचं त्याने समजावं. उपटलेली मुळी ती पदरात घ्यायची, घरी आणायची आणि उकिरड्यावर टाकायची. तिच्यात काही दम नव्हता, बकऱ्यासुद्धा तोंड लावत नसत. मुळीची म्हणून त्याला द्यायच्या पुडीत असायचा सुकवलेला हिरडा आणि रातांब्याची साल, दोन्ही कुटून. मध घालून ती त्याला द्यायची. पोट साफ व्हावं एवढंच त्या पुडीचं काम. गावातली पोरं हिरडा येता-जाता चघळतात.

खाण्याचं तर विचारूच नका. तूप बंद, मटण बंद, गोड बंद, तांदूळ बंद. सकाळी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कढण, सांजेला पुन्हा तेच. म्हणजे त्याची कुळं बारा महिने जे खातात, ते. चौथ्या दिवशी हैबतराव डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "बनू, पोटात आग पडते गो. माणसं ह्याच्यावर जगतात कशी?"

"जगतात की," ती म्हणाली. "वर ओझीसुद्धा वाहतात." आणि त्या दिवशी तिला खूप वर्षांनी गोड झोप लागली.

पावसाळा आला. डोक्यावर इरलं घेऊन, चिखलात घसरत, पायाला जळवा लागलेला खोत वाट चढायला लागला, की शेतात लावणी करणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत राहायच्या. कुणीतरी मोठ्याने म्हणायची, "सांभाळून हो, खोतानू!" आणि बाकीच्या पदर तोंडात धरून हसायच्या. बनुबाई हसायची नाही. ती दर खेपेला त्याला पुडी नेमकी त्या वळणावर द्यायची. गोमाजी पडला होता त्याच जांभळीच्या मुळावर हा बसायचा, पुडी चाटायचा आणि घाम पुसत म्हणायचा, "जागा मोठी बेस आहे गो ही. वारा कसा छान लागतो!" तेव्हा तिला वाटायचं, ह्याला इथनंच खाली ढकलावा. रोज वाटायचं. रोज ती हात पदरात गुंडाळून उभी राहायची.

पण व्हायचं ते झालं. रोज डोंगर चढणारा आणि नाचणी खाणारा माणूस जाडा राहील कसा? दिवाळीला त्याला अंगरखा ढगळ झाला. पौषात तो न बसता वळणापर्यंत पोचायला लागला. माघात वाटेने गुणगुणायला लागला! महाडहून येणारे पाहुणे बनुबाईच्या मुळीची चौकशी करायला लागले, आणि हैबतराव छातीवर हात आपटून सांगायचा, "नाव विचारू नका. नाव फुटलं की गुण जातो."

शिमगा आला. ढोल वाजला. हैबतरावाने कासोटा घट्ट केला, पालखीखाली खांदा घातला आणि अशी नाचवली, अशी नाचवली, की भाऊबंदांची तोंडं काळी पडली. सगळं गाव नाचलं. फक्त बनुबाई देवळाच्या खांबाला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांपुढे लख्ख आलं की आपण सूड घ्यायला निघालो आणि ह्या माणसाला दहा वर्षांचं आयुष्य देऊन बसलो. वर्षभर अनवाणी चालवला, उपाशी ठेवला, मातीत वाकवला. आणि त्याला वाटतंय काय, तर बनूने उपकार केले! सूड घेतला तो घेणाऱ्याला कळला, ज्याच्यावर घेतला त्याला कळलाच नाही. असल्या सुडाचं करायचं काय? सांगितल्याशिवाय चैन नाही, असं झालं तिला. सांगायचंच, तिने ठरवलं. सगळ्यांपुढे सांगायचं.

शिमग्याचा सण संपल्यावर हैबतराव आपण होऊन तिच्या अंगणात आला. मागे वाजंत्री, चंद्राबाईच्या हातात नारळ-साखरेने भरलेलं ताट आणि नवं लुगडं. निम्मं गाव मागे लोटलेलं.

"बनू," तो गहिवरून म्हणाला, "तू माझी पाठची बहीण. तू औषधाचं मोल घेत नाहीस, ठाऊक आहे मला. म्हणून तुझ्या घराला मान देतो. आमच्या दत्तारामाचं लग्न ठरतंय. आता डोली त्याची. मी माळ्यावरनं काढून पुसून ठेवायला सांगितली आहे. आणि तिच्या पुढच्या दांडीला, मानाच्या जागी, तुझा सोनबा."

वाजंत्री वाजायला लागली. सोनबा दारात उभा होता, त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"थांबवा ते!" बनुबाई एवढ्या जोरात ओरडली की सनईवाल्याचा श्वास तोंडातच राहिला. "खोत, माझा घरधनी तुमच्या डोलीखाली मेला. तापाने फणफणलेला नेला तुमी त्याला. रस्त्यात टाकलात. तोंडात पाणी घालायला माणूस ठेवला नाय."

हैबतराव गोंधळला. त्याच्या कपाळाला आठी पडली. तो खोटं बोलत नव्हता, आठवायचा मनापासून प्रयत्न करत होता.

"कुठला गो?" त्याने विचारलं. "दोघं-तिघं गेले आमच्या डोलीखाली. वळणावरचा, का तो पऱ्ह्याच्या पाण्यात पडलेला?"

भिकूने डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. बनुबाईला वाटलं होतं, ऐकून हा चरकेल, नाहीतर खवळेल, काहीतरी होईल. आणि ह्याला वळणावरचा की पऱ्ह्यातला, तेही ठाऊक नव्हतं.

शब्द तिच्या जिभेवर आले होते. मुळी खोटी होती. पुडीत पोरं चघळतात तो हिरडा होता. तुला मी कुत्र्यासारखा वाटेने फिरवला. बोलून टाकलं असतं तर काळजातली इतक्या वर्षांची आग निवली असती. पण मुळी खोटी ठरली की खांद्याचं पथ्यही खोटं ठरतं. मग उद्याच डोली निघणार, आणि तिच्यात बाप-लेक दोघेही आळीपाळीने बसणार. सोनबा समोरच उभा होता. बनुबाईने सगळं गिळलं.

"करदोरा बघू," ती एकदम म्हणाली.

"आं?"

"करदोरा. बघू जरा."

हैबतरावाने बंडी वर केली. शिमग्याचे सगळे दिवस पुरणपोळ्या आणि मटण हाणलं होतं त्याने. चांदीचा करदोरा कातडीत चांगला उमटला होता. बनुबाईने नुसतं बोट दाखवलं.

"मुळी उलटाय लागली," ती म्हणाली. "डोली पुसायला काढलीत नव्हं? तुमचा ल्योक बसला काय, नातू बसला काय, रक्त एकच. तुमच्या घरातलं कुणीबी माणसाच्या खांद्यावर बसलं, की सगळी चरबी तुमच्या अंगावर परत. दुप्पट."

"फादर, ही बाई..." दत्ताराम पुढे आला.

"तू गप!" हैबतराव ओरडला. त्याचा हात करदोऱ्यावर होता, आणि त्याला मांडावरचं हसणं ऐकू येत होतं. "बनू, उपाय सांग. माझे आई, उपाय सांग."

"शेवटची पुडी राहिलीय. ती झाली की मुळी कायमची बसली. पण ती रानात नाय उगवत." ती त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दांडीची राख लागते. आमच्यादेखत जाळायची आणि मधात चाटायची."

डोली आणली. मुकादमानेच तिच्यावर कुऱ्हाड घातली, खोताने सांगितल्यावर करतो काय? वर्षभर माळ्यावर सुकलेली ऐनाची दांडी भडभडा पेटली, सुंभाची बैठक चुरचुरत गेली, वरचं कापड तर धगीनेच उडालं. माणसं दांडी जळेपर्यंत उभी राहिली. भिकू एकटक बघत होता आणि हाताने आपला खांदा चोळत होता.

बनुबाईने निवलेली राख तळहातावर घेतली, मध ओतला आणि बोटाने कालवली. हैबतराव तिच्यापुढे मातीत उकिडवा बसला, तोंड उघडून.

"नुसती नाय," ती म्हणाली. "ज्यांनी वाहिली त्यांची नावं घेऊन चाटायची. नाव नाय, तर गुण नाय." बोट तिने त्याच्या ओठापाशी नेलं. "वळणावरचा. गोमाजी."

"गोमाजी," हैबतराव म्हणाला आणि त्याने बोट चाटलं. राख कडू होती, त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"पऱ्ह्यातला चांगू," मागून भिकू म्हणाला. "माझा भाऊ."

"चांगू."

तिसऱ्याचं नाव कुणाला येईना. माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. बनुबाई बोट तसंच धरून उभी राहिली. खोत तोंड उघडं ठेवून वाट बघत होता. तेवढ्यात गर्दीच्या मागून ठमाबाई म्हातारी काठी टेकत पुढे आली. तिला धड दिसतही नव्हतं. तिने चाचपडत हैबतरावाचं डोकं शोधलं आणि त्याच्यावर हात ठेवला.

"रामा," ती म्हणाली. "माझा ल्योक. लगीन नव्हतं झालं त्याचं. म्हण."

"रामा," खोत म्हणाला, आणि त्याने उरलेली राख चाटून गिळली.